सायीच्या भिंतीचं घर आणि धगी

माणसं नव्हती, झाडं नव्हती, साधी मुंगीसुद्धा नव्हती, तेव्हा एकदा काय झालं, धगी नावाचा एक जीव पाण्यात फिरत होता. केवढीशी होती धगी? मोहरीच्या एका दाण्यात लाखो मावतील एवढीशी. तिला एकच काम येई. श्वास घ्यायचा आणि पोटातली शेगडी फुलवायची. आपण कोण, हे लिहिलेली माहेरची एक छोटी पोथी तेवढी तिच्याजवळ असे.

मग समोरून एक मोठं लिबलिबीत घर आलं. त्याला दार नव्हतं. भिंत दुधाच्या सायीसारखी. घर धगीला लागलं, भिंत आत दबली आणि परत मिटली. धगी आत. आपल्याला घरात घेतलं की खाल्लं, हेच तिला कळेना.

आत सगळं पेजेसारखं पातळ, आणि गार. वर कुठलं नि खाली कुठलं, काही समजायचं नाही. तिथे एक ओवणारी बसली होती. हातातल्या चिठ्ठीत लिहिलंय त्याच क्रमाने ती मणी ओवायची. दोन मणी ओवले की दम खायची.

"मावशी, मी कुठे आलेय हो?"

"उशीर केलास. आण तो तांबडा मणी."

"मी मणीवाली नाही."

"मग मध्ये कशाला लुडबुडतेस? पुढे विचार, आणि लवकर विचार. ज्याचं इथे काही काम नाही त्याला फोडूमामा फोडून खातो."

धगी घाबरली. घाबरली की तिचा श्वास भरभर चाले, बरं का. ती पुढे सरकली. इकडे ओवणारीने एका दमात तीस मणी ओवले आणि आपल्याच हातांकडे बघत बसली.

मग भेटली बोचकेवाली आत्या. ओवलेल्या माळा गुंडाळायच्या, बोचकी बांधायची, ज्याची त्याला पाठवायची, हे तिचं काम. धगीने तोंड उघडायच्या आत आत्याने तिला फडक्यात घेतलंसुद्धा.

"कुठे पाठवायचं तुला?"

"कुठेच नाही. मला फक्त सांगा, मी पाहुणी आहे का?"

"म्हणजे पत्ता नाही. बिनपत्त्याचं सगळं फोडूमामाकडे जातं बाई, माझा इलाज नाही."

धगीचा श्वास आणखी वाढला. आत्याच्या गाठी पटापट बसायला लागल्या. आत्या म्हणाली, "आज हे काय झालंय मला?" धगीलाही ते कळलं नाही.

तोवर फोडूमामा आलाच. पोत्यासारखा गोल, अंगाला आंबट वास. जन्मभर रांगत चाललेला मामा आज चक्क धावत आला.

"काम काय तुझं?"

"माहीत नाही हो मामा. पाण्यात होते तेव्हा नुसता श्वास घ्यायचे."

"श्वास घेणं हे काय काम झालं? आळशी कुठली."

मामाने हा एवढा जबडा उघडला. भीतीने धगीचा श्वासच अडकला.

आणि सगळं थांबलं. ओवणारीचा हात मण्यावर थांबला. आत्याची गाठ अर्धीच राहिली. मामाचा जबडा उघडा तो उघडाच, मिटेना.

धगीने जरासा श्वास घेतला. जबडा मिटायला लागला. तिने श्वास धरला. जबडा थांबला. परत घेतला, परत धरला, तसंच झालं. तिसऱ्यांदा मात्र तिच्या डोक्यात उजेड पडला.

"मामा, तुमच्या जबड्याला जोर माझ्या शेगडीचा आहे. मला खाल्लंत तर चावणार कशाने?"

"आं," मामा म्हणाला. तोंड उघडं, दुसरं काय म्हणणार?

घराच्या मधोमध दुहेरी पडद्याआड मधलीबाई राहायची. मोठी पोथी बघून चिठ्ठ्या लिहायची ती हीच. आतूनच तिने विचारलं, "कामं का अडलीत?"

"काही कळत नाही बाई," आत्या म्हणाली. "चालती-बोलती शेगडी घरात आलीय, आणि मामा तिला खायला निघालाय."

"खाऊ नका. राहू दे तिला. पण मुली, तुझ्याजवळही पोथी दिसतेय. एका घरात दोन पोथ्या नकोत. आण इकडे."

धगीची ती माहेरची पोथी. द्यावी की न द्यावी? न दिली तर समोर जबडा उघडाच. शेवटी तिने पानं काढून दिली, पण थोडी छातीशी धरून ठेवली.

"एवढी नाही देणार बाई. मग मी कोण, हेसुद्धा विसरेन."

मधलीबाई म्हणाली, "बरं. तेवढी राहू दे तुझ्याकडे."

मग धगीने पोटभर श्वास घेतला. मामाने तोंड मिटलं आणि तो मोडकंतोडकं खायला दुसरीकडे गेला. सगळ्यांची कामं सुरू झाली. पुढे त्या घराची दोन घरं झाली, दोनांची चार झाली, आणि प्रत्येक घरात धग्या झाल्या. त्या घराला पेशी म्हणतात. अशी घरं एकमेकांना लागून लागून मुंगी झाली, झाड झालं, तुम्हीही झालात.

आणि एक सांगायचं राहिलं. तुमच्यातल्या धग्या आईकडून आल्यात. आईला आजीकडून, आजीला पणजीकडून. सगळ्या आपापल्या जागी सुखात आहेत. आता पांघरूण घ्या आणि निजा.