थोरल्याने पाडलेले वाटे

एकही घर हललं नाही, तरी शिरवलीच्या कोळीवाड्याचे तीन तुकडे झाले. नगराध्यक्ष विचारेसाहेबांनी निवडणुकीसाठी प्रभागांचा नवा नकाशा करून घेतला. त्यात कोळीवाड्याचा एकेक तुकडा आपल्या हक्काच्या आळ्यांना जोडला आणि बाकीचे विरोधक सात नंबरच्या प्रभागात कोंबले. आता होड्या लावायच्या जेट्टीसाठी भांडणारा एकही कोळी पालिकेत जाणार नव्हता.

कोळीवाड्यातली, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली मैना तांडेल तडक कोर्टात गेली.

"कोण कुणाला मत देतं, मला काय ठाऊक?" विचारेसाहेब न्यायाधीशांना म्हणाले. "रेषा डोळे मिटून आखल्यात. मला सगळे प्रभाग सारखेच."

मैनाच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. त्या गिळून ती म्हणाली, "साहेब, आमच्यात भावाभावांची वाटणी होते तेव्हा थोरला वाटे पाडतो आणि धाकटा आधी उचलतो. म्हणून थोरल्याचा हात वाकडा जात नाही. इथे वाटे विचारेकाकांनी पाडलेत, तर उचलायचा मान आम्हाला द्या. मी दावा मागे घेते. फक्त काकांनी कुठून उभं राहायचं, ते आम्ही ठरवू."

"कुठून?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सात नंबरमधून."

विचारेसाहेब ताडकन उठले. "सातमधून? अहो, तिथे माझं डिपॉझिट जप्त होईल!"

"काका," मैना शांतपणे म्हणाली, "डोळे मिटले होते ना? मग हे दिसलं कसं?"

न्यायाधीशांनी नकाशा रद्द केला. नव्या नकाशात कोळीवाडा पुन्हा अखंड झाला, आणि तेव्हाही एकही घर हललं नाही.