राणीची निळी सुरमेदाणी

या उंचवट्यावर जपून चढा, पाहुण्यांनो. पायाखाली निळं चमकतंय ती काच नाही. झिलई दिलेल्या भांड्यांचे तुकडे आहेत. फार पूर्वी इथे भट्टी होती. ती का विझली, ते नाईलकाठच्या आमच्या या गावात असं सांगतात.

भट्टी तशेरी नावाच्या विधवेची. राणी मेरेतनुबसाठी तिने एक सुरमेदाणी घडवली होती. बोरूच्या पेराएवढी, आभाळासारखी निळी, अंगावर काळ्या अक्षरांत राणीचं नाव. एका वर्षी नदीला पूर आला नाही, शेतं कोरडी राहिली, तेव्हा याच राणीने राजवाड्याची कोठारं गावासाठी उघडली होती, म्हणे. मरताना तिने सुरमेदाणी तशेरीकडे परत धाडली. "जिने माझं नाव लिहिलं, तिच्याकडेच ते राहू दे," असा निरोप होता.

पुढे राणीचा सावत्र मुलगा गादीवर बसला. कोठारं उघडल्याचा राग त्याच्या मनात होताच. देवळांच्या भिंतींवरचं राणीचं नाव त्याने छिन्नीने काढून टाकायला लावलं. नाव पुसलं की मेलेल्या माणसाला परलोकातही जागा उरत नाही, अशी तेव्हाची समजूत. म्हणजे त्याला राणीला दुसऱ्यांदा मारायचं होतं.

शेवटी त्याचा अंमलदार शिपाई घेऊन भट्टीपाशी आला.

"ती सुरमेदाणी आण आणि माझ्यासमोर फोड," तो म्हणाला.

"फोडणार नाही," तशेरी म्हणाली. "माझी लेकरं तिच्या धान्यावर जगली."

"भट्टी विझवीन तुझी."

"विझवा."

शिपायांनी भट्टीत पाणी ओतलं, भांडी फोडली, सुरमेदाणी तिच्या हातातून हिसकून दगडावर आपटली. सुरमा मातीत सांडला. तशेरी खाली बसली. लोकांना वाटलं, आता रडेल. तिने बोटाने तो सुरमा उचलला, दोन्ही डोळ्यांत भरला आणि उभी राहून मोठ्याने म्हणाली, "मेरेतनुब!"

अंमलदाराने तिच्या तोंडात मारली. ती पुन्हा म्हणाली. तिचे हात बांधत होते तेवढ्यात शेजारची म्हातारी पुढे आली, मातीतला सुरमा डोळ्यांत घातला नि तेच नाव घेतलं. मग तिची सून. मग गल्लीतली बाई न् बाई. सगळ्यांना बांधायला शिपायांकडे दोर नव्हते.

तशेरीला मात्र वाळवंटातल्या दगडखाणीवर नेलं. ती परत आली नाही. गोष्ट गोड व्हावी म्हणून इथे कुणी चमत्कार जोडलेला नाही.

आजही आमच्याकडे सुरमा घालून घेताना नवरी गप्प बसत नाही. आधी स्वतःचं नाव घेते, आईबापांनी ठेवलेलं, खणखणीत आवाजात. पुटपुटली तर बायका हात मागे घेतात. "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं," म्हणतात. माझी नात परवा अशी ओरडली की नदीतले होडीवाले वल्ही थांबवून वर बघायला लागले.