सतरा नंबरला नाव हवं

एक होती कुत्री. एवढीशी, पांढरी, कुरळी. पिल्लं विकणाऱ्यांच्या पिंजऱ्यात ती मोठी झाली. तिथे तिला नाव नव्हतं. गळ्यात नुसता पत्र्याचा नंबर. सतरा.

मिथिलाताईने तिला घरी आणलं. आठ दिवसांची पाहुणी म्हणून. आठव्या दिवशी नंबर तुटला. टिंग. गडगड गडगड, गेला गटारात.

आता हाक कशी मारायची?

ताई म्हणाली, "संध्याकाळी प्राण्यांच्या आश्रमाची गाडी येईल तुला न्यायला. ती निघायच्या आत नाव मिळालं, तर तू या घरची. पण नाव आत्या ठेवते. आत्याकडे जा."

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

"आत्या, आत्या, नाव ठेव. नावाशिवाय मला घर मिळेना."

आत्या म्हणाली, "पाळण्याशिवाय कुठं नाव ठेवतात? आजीने पाळणा सजवला, तर ठेवते."

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

"आजी, आजी, पाळणा सजव. आत्या नाव ठेवेना. नावाशिवाय मला घर मिळेना."

आजी म्हणाली, "पाळणा आहे माळ्यावर. काकाने काढला, तर सजवते."

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

"काका, काका, पाळणा काढ. आजी पाळणा सजवेना. आत्या नाव ठेवेना. नावाशिवाय मला घर मिळेना."

काका म्हणाला, "शिडी डगमगते गं. आजोबांनी धरली, तर चढतो."

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

"आजोबा, आजोबा, शिडी धरा. काका पाळणा काढेना. आजी पाळणा सजवेना. आत्या नाव ठेवेना. नावाशिवाय मला घर मिळेना."

आजोबा म्हणाले, "धरली असती. पण मांडीवर मनी झोपलीय. मनी उठली, तर उठतो."

बघा ही मोठी माणसं. सगळी तयार, आणि एकही जागचं हलेना.

"मनी, मनी, मांडीवरून ऊठ. आजोबा शिडी धरेनात. काका पाळणा काढेना. आजी पाळणा सजवेना. आत्या नाव ठेवेना. नावाशिवाय मला घर मिळेना."

मनीमांजरीने एक डोळा उघडला. "कुत्री ना तू? मग भुंक. भुंकलीस, तर उठते."

आता आली पंचाईत. पिंजऱ्यात कुणी भुंकलं, की काठी आपटायची. म्हणून ती कधी भुंकलीच नव्हती.

पोंऽ पोंऽ. दारात गाडी आली.

तिने छाती फुगवली. तोंड उघडलं. फुस्स. नुसतीच हवा.

पुन्हा छाती फुगवली.

"भ… भू. भू भू भू."

मनी उठली, टुणकन. आजोबा उठले. आजोबांनी शिडी धरली. काका चढला, खाट खाट. काकाने पाळणा काढला. आजीने पाळणा सजवला, मऊ गोधडी घातली. कुत्री बसली पाळण्यात. झुलू झुलू.

आत्या वाकली. तिच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र… लाही."

ताईने गाडीवाल्या दादांना सांगितलं, लाही येणार नाही. दादा हसले. गाडी गेली, भुर्रर्र.

मग स्वयंपाकघरातून आजीची हाक आली. "लाही, चल जेवायला."

लाहीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. लाही म्हणजे मीच की.

आणि निघाली.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.