परतीचा दोर

फार जुन्या काळी, डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. तिथे कुंपणाचे नियम लहान मुलांनाही तोंडपाठ असत. खांब रोवायचे ते आपल्या जागेत, हद्दीपासून हातभर आत. उंची माणसाच्या खांद्याइतकी, त्याहून जास्त नाही. आणि कुंपण बांधायचं ते दोन्ही घरांनी मिळून.

हा शेवटचा नियम नुसता गोडीगुलाबीचा नव्हता. कामच तसं होतं. कुंपण असे बांबूच्या उभ्या कामट्यांचं. एकाने काथ्याचा दोर फटीतून पलीकडे द्यायचा. शेजाऱ्याने तो ओढून घट्ट करायचा आणि पुढच्या फटीतून परत द्यायचा. शेजाऱ्याकडून येणाऱ्या त्या दोराला गावात ‘परतीचा दोर’ म्हणत. दोघं दिवसभर समोरासमोर बसत. कधी गप्पा होत, कधी जुनी भांडणं निघत, पण संध्याकाळपर्यंत कुंपण उभं राही.

त्या गावात एक बाई कुरडया करून आपलं पोट भरत असे. तिला सगळे काकी म्हणत. तिचं अंगण अरुंद, जेमतेम दहा-बारा पावलांचं. पूर्वेकडून सकाळचं ऊन यायचं, तेवढंच तिचं. दुपार कलली की तिच्याच घराची सावली अंगणात उतरे. त्यामुळे उजाडताना चीक शिजवायचा, सोऱ्यातून कुरडया घालायच्या आणि दुपारच्या आत त्या वाळवून घ्यायच्या, असा तिचा क्रम होता. पहिलं ऊन चुकलं की कुरडई आंबते.

तिचा नवरा जाऊन सात महिने झाले होते. या सात महिन्यांत गावाने तिला पुष्कळ सल्ले दिले. भावाकडे जाऊन राहा, एवढं मोठं पातेलं आता कशाला, दार लवकर लावत जा. काकी सगळ्यांचं ऐकून घेई. वाद घालायला लागणारं बळ तिला कामासाठी राखून ठेवायचं होतं. पण ती गप्प ऐकते, म्हणजे सांगितलेलं मानते, असा गावाने समज करून घेतला.

तिच्या पूर्वेला एका कारभाऱ्याचं घर होतं. बरीच वर्षं राजधानीत चाकरी करून तो नुकताच परतला होता. त्याने पाच पायऱ्यांचा उंच ओटा बांधला आणि मग त्याला कुंपण आठवलं.

"बाई, माझे पाहुणे ओट्यावर बसले की समोर तुमचं वाळवण दिसतं," तो म्हणाला. "बरं नाही दिसत ते. जरा उंच कुंपण घालतो."

"किती उंच?"

"नियमाप्रमाणेच. खांद्याइतकं."

दुसऱ्या दिवशी त्याने पंचांना बोलावलं, स्वतः ओट्यावर जाऊन उभा राहिला आणि गड्याला सांगितलं, "इथून माप घे. हा माझा खांदा."

काकी खालून बघत होती. ओट्यावरच्या खांद्याची उंची जमिनीपासून मोजली तर दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी भरत होती.

"अहो, खांदा जमिनीवर उभं राहून मोजतात," ती म्हणाली.

थोरल्या पंचांनी खाकरून घेतलं. कारभाऱ्याच्या शब्दाला राजधानीत वजन होतं आणि पंचांच्या जावयाला तिथे चाकरी हवी होती. "काकी, खांदा तो खांदाच," ते म्हणाले. "पाय कुठे ठेवायचे ते काही नियमात सांगितलेलं नाही."

"मग उद्या मी झाडावर चढून मोजते माझा."

दोन-चार जण हसले. पंच हसले नाहीत, पण त्यांनी निकालही बदलला नाही.

कारभारी अगदीच वाईट माणूस नव्हता. लोक निघून गेल्यावर तो काकीकडे आला. "बाई, तुमची अडचण मला कळते. माझ्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं. तिथे घाला कुरडया. मागच्या जिन्याने यायचं, पाहुणे नसतील तेव्हा. मी कधी नाही म्हणणार नाही."

इथे काकी थांबली. गच्ची मोठी होती. ऊन खरंच भरपूर होतं. हो म्हटलं असतं तर त्या दिवशी सगळं मिटलं असतं, आणि गावानेही तिला शहाणी म्हटलं असतं.

"आणि पाहुणे असतील तेव्हा?" तिने विचारलं.

"तेव्हा थोडं थांबायचं. एवढं काय त्यात."

"कारभारी, तुमच्या गच्चीवरचं ऊन तुमचं. मला माझ्या अंगणातलं पाहिजे. ते मागायला मी कोणाचा जिना चढणार नाही."

"विचार करा. एकट्या आहात."

"आहे. म्हणून तर माझ्या वतीने दुसरं कोणी हो म्हणू शकत नाही." आणि ती आत जाता जाता म्हणाली, "कुंपण खुशाल घाला. परतीचा दोर मात्र माझ्याकडून मिळणार नाही."

गडी आले, खांब रोवले, कामट्या उभ्या केल्या आणि दोर फटीतून पलीकडे सरकवला. पलीकडे काकी कुरडया घालत होती. दोराचं टोक तिच्या पायाशी येऊन पडलं. तिने ते ओलांडलं आणि पुढची कुरडई घातली.

"काकी, द्या की तेवढा," गडी म्हणाला. "पोटासाठी करतो आम्ही."

"मीही पोटासाठीच करते रे बाबा."

"मग पलीकडे उतर आणि तूच ओढ," कारभारी गड्याला म्हणाला.

"त्यांनी या म्हटलं तर जातो, मालक. न विचारता बाईमाणसाच्या अंगणात नाही उतरणार." गड्याने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. त्याला त्या अंगणात उतरवणं कारभाऱ्याच्या हुकमाबाहेरचं होतं.

शेवटी त्यांनी बांबूला आकडी बांधली आणि दोर आपल्याच बाजूने पलीकडे ढकलून आपल्याच बाजूने ओढून घेतला. कुंपण झालं. काकीच्या अंगणात सूर्य डोक्यावर येईपर्यंत सावली राहू लागली.

कुंपण झाल्यावरची कुरडयांची पहिली खेप आंबली. काकीने ती फेकली नाही. दुपारी होतं-नव्हतं ते ऊन देऊन वाळवली, कढई चढवली, टोपलीभर कुरडया तळल्या आणि चावडीवर नेऊन पंचांच्या पुढ्यात ठेवल्या.

"हे कशाबद्दल, काकी?" थोरल्या पंचांनी हात पुढे करत विचारलं.

"तुमच्या निकालाची पहिली कुरडई आहे. खाऊन बघा."

पंचांनी मोडून तोंडात टाकली. चावणं हळू झालं. थुंकावं तर चावडीवर माणसं बसलेली, गिळावं तर गिळवेना. काकी समोर उभी राहिली, ते गिळेपर्यंत.

"आंबलीय जरा," पंच म्हणाले.

"जरा नाही. चांगली आंबलीय. उद्या पुन्हा आणते."

दुसऱ्या दिवशी तिने आणली. तिसऱ्या दिवशीही आणली. घरात पीठ कमी होत चाललं होतं, रात्री ती पाणी पिऊन निजत होती, पण चावडीवरची टोपली चुकली नाही. चौथ्या दिवशी पंच चावडीवर आलेच नाहीत. टोपली बाकावर ठेवून ती परतली.

तेवढ्यात कारभाऱ्याने आपल्या घराच्या उत्तरेकडचं कुंपण घालायला घेतलं. तिकडे एक गवळी राहत होता. त्याचा गोठा हद्दीला लागून होता. कारभाऱ्याने दोर सरकवला. गवळ्याने दोराचं टोक हातात घेतलं, बघितलं आणि खाली ठेवलं.

"काय झालं?" कारभाऱ्याने विचारलं.

"काही नाही, मालक. माझ्या म्हशींनाही ऊन हवं असतं. काकींचा दोर आला की माझा येईल."

"तिचा माझा वाद आहे. तुझा काय संबंध?"

"त्या दिवशी मीही हसलो होतो," गवळी म्हणाला, "आणि हसून घरी गेलो होतो. तेवढा संबंध."

इकडे काकीच्या बाजूच्या कुंपणाचं निराळंच काही सुरू झालं होतं. दोर सगळे एकाच बाजूने ओढलेले. पलीकडून ताण नाही. रोज थोडंथोडं करत ते उंच कुंपण कारभाऱ्याच्याच बाजूला झुकायला लागलं. त्याने एक टेकू लावला. मग दुसरा. कुंपण उंच, त्याचा भार मोठा. महिनाभरात कारभाऱ्याच्या अंगणात चौदा टेकू उभे राहिले. पाहुणे वाकून, वळणं घेत ओट्यापर्यंत येऊ लागले आणि मग यायचेच थांबले.

एका सकाळी त्याच्या बायकोचं कपाळ टेकूवर आपटलं. ती तिथेच पायरीवर बसली.

"अहो, तिचं वाळवण दिसू नये म्हणून एवढं केलंत," ती म्हणाली. "ती अजून आपल्या अंगणात ताठ चालते. मला माझ्या अंगणात ओणवं चालावं लागतं. जा आणि विचारा तिला."

"काय विचारू?"

"जे आधी विचारायचं होतं ते."

कारभारी गेला. काकी सोऱ्या धूत होती. तिने त्याला बसा म्हटलं नाही.

"बाई, ते कुंपण उतरवतो म्हणतो," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल त्या उंचीचं घालू."

"मी सांगेन ती उंची नको. नियमाची घालू. जमिनीवर उभं राहून."

"बरं. माझा खांदा—"

"सावली कोणावर पडते?"

कारभाऱ्याने वर बघितलं, खाली बघितलं. "तुमच्यावर."

"मग खांदाही माझा."

ती हद्दीवर जाऊन अनवाणी उभी राहिली. काकी ठेंगणी होती. कारभाऱ्याने स्वतः कोयत्याने बांबूवर खूण केली. ती त्याच्या छातीच्याही खाली आली.

जुनं कुंपण उतरवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पहिल्या उन्हात काकी एका बाजूला बसली आणि कारभारी दुसऱ्या बाजूला. पंच बघायला आले होते. काकीने त्यांना म्हटलं, "उभे कशाला? कामट्या धरा." त्यांनी धरल्या.

पहिला दोर आला. काकीने ओढला आणि परत दिला. कारभाऱ्याला गाठ जमेना. राजधानीत त्याने हे काम कधी केलं नव्हतं.

"सैल आहे," काकी म्हणाली. "सोडा, पुन्हा बांधा."

त्याने पुन्हा बांधली. तीही सैल निघाली. त्याने तिसऱ्यांदा बांधली. बोटं काथ्याने सोलवटून निघाली.

दुपारच्या सुमाराला तो हळूच म्हणाला, "बाई, आता तरी राग सोडा."

काकीने दोर ओढून पाहिला. पक्का बसला होता.

"आंबलेलं धान्य परत येत नाही, कारभारी. ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही शेजारी आहात, आणि कुंपण अजून निम्मं बाकी आहे. द्या पुढचा दोर."

तात्पर्य: कुंपण आपल्या जागेत घातलं तरी त्याची सावली दुसऱ्याच्या जागेत पडते, म्हणून उंची त्याला विचारून ठरवावी. आणि ज्याला कोणी विचारलंच नाही, त्याने आपल्या हातचा दोर देऊ नये, मग समोर कितीही मोठा माणूस बसलेला असो.