वैद्यबुवांचा हमीचा रथ

फार जुन्या काळची ही गोष्ट, बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनोही. एका डोंगराळ राज्यात एक वैद्यबुवा राहत. सात गावांना मिळून ते एकटेच वैद्य. त्यांची बैलगाडी म्हणजे नुसता खटारा. चढाला कुरकुरायची, उताराला खडखडायची. पण ती ज्या गावात मोडेल त्या गावचा सुतार हातातलं काम टाकून तिला नीट करून द्यायचा. त्यामुळे बुवा हळूहळू का होईना, वेळेवर पोचत.

एकदा राजधानीत त्यांनी एक रथ पाहिला. हलका, चकचकीत, वाऱ्याशी शर्यत लावील असा. बुवांचं वय साठीकडे झुकलेलं, पण मन पार विरघळलं. रथशाळेच्या कारभाऱ्यानं त्यांच्या हातात ताम्रपटच ठेवला.

"बारा वर्षांची हमी. काहीही बिघडो, आम्ही दुरुस्त करून देऊ. फक्त चाकांच्या आसावरची ही लाखेची मोहोर जपा. परक्या हातानं फोडली, की हमी संपली."

बुवांनी रथ घेतला, खटारा गोठ्यामागे टाकला आणि ताम्रपट चक्क देव्हाऱ्यात ठेवला. पहिले पंधरा दिवस रथ असा धावला, की सातही गावं तोंडात बोट घालून बघत राहिली.

मग चाक किरकिरू लागलं. बुवा रथ घेऊन राजधानीला गेले. कारभारी म्हणाला, रथ पाणंदीतून नेलात, पाणंद हमीत बसत नाही. पुढच्या खेपेला म्हणाला, रथ उन्हात उभा केलात. त्याच्या पुढच्या खेपेला सावलीत उभा केल्याचा दोष निघाला. दुरुस्ती व्हायची, पण आठवडाभर हेलपाटे घातल्यावर, आणि तोवर रोगी खोळंबायचे. तरीही बुवा येईल त्याला हमीचं कौतुक सांगत. माणूस एकदा भुलला, की असंच व्हायचं.

एके सकाळी पलीकडच्या गावाहून निरोप आला. तिथल्या कुंभाराच्या उजव्या हाताला फुरसं चावलं होतं. बुवा औषधांची पेटी घेऊन तडक निघाले. निम्म्या वाटेवर, सुतारांच्या वाडीपाशी, आसाची खीळ तुटली आणि रथ एका अंगावर बसला.

आवाज ऐकून एक म्हातारा सुतार हत्यारं घेऊन आला. "बाभळीची खीळ ठोकतो, वैद्यबुवा. पान खाऊन होईतो वाटेला लागाल. ही मोहोर तेवढी फोडावी लागंल."

बुवांनी मोहरेवर हात ठेवला. त्यांना कुंभार आठवला, आणि बारा वर्षंही आठवली.

"नको," ते म्हणाले. "हमी जाईल."

रथाला घोडा होता, पण घोड्यावर ते जन्मात बसले नव्हते. पेटी डोक्यावर घेऊन ते पायीच निघाले.

पोचले तेव्हा दिवस कलला होता. कुंभार वाचला. पण विषानं अंगठा काळाठिक्कर पडला होता, आणि तो बुवांना स्वतःच्या हातानं कापावा लागला.

कुंभार रागावला नाही. "जीव राखलात, उपकार झाले," तो म्हणाला. "पर वैद्यबुवा, अंगठ्याबिगर चाकावरची माती वर कशी यायची?"

उशीर कशापायी झाला, हे सांगायची बुवांना लाज वाटली.

बुवांनी मोडका रथ ओढून घरी आणवला आणि रथशाळेला निरोप धाडला. चौथ्या दिवशी कारभारी स्वतः आला. वाकून त्यानं मोहोर निरखली आणि खूश होऊन म्हणाला, "वा! साधा तडाही नाही. तुमच्यासारखं सांभाळणारं गिऱ्हाईक विरळाच, वैद्यबुवा. हमी अगदी शाबूत आहे."

बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ताम्रपट आणून त्याच्या हातात दिला, रथही घेऊन जायला सांगितलं आणि गोठ्यामागचा खटारा बाहेर काढला. त्यानंतर कुठल्याही रोग्याला त्यांनी वाट पाहायला लावली नाही. कुंभाराच्या घरचं चाक मात्र पुन्हा फिरलं नाही.

तात्पर्य: अडीनडीला जवळच्या हातानं नीट होते तीच गाडी भरवशाची; हमी मोडलेलं चाक भरून देते, हुकलेली वेळ नाही.