धूपखिंडीतला घंट्यांचा हिरडा

अहो, हाक मारू नका! मारलीत? एकदाच ना? बरं, आता तोंड मिटा. मित्र मागे राहिलाय, येईल. इकडे या हिरड्याखाली उभे राहा आणि वर बघा. फळं नव्हेत ती, सायकलच्या घंट्या आहेत. काही गंजलेल्या, काही परवा बांधलेल्या. माळेवाडीच्या सायकल मंडळीतला माणूस कितीही महागडी सायकल घेईल, वजन वाढतं म्हणून तिच्यावरचं स्टिकरसुद्धा खरवडून काढेल, पण घंटी काढणार नाही. आणि या खिंडीत कुणी कुणाला हाक मारणार नाही. का, ते ऐका.

मंडळीची सुरुवात केली दिगंबर मास्तरांनी. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. अंगाने काटकुळे, पण चढावर असे सुटायचे म्हणे, की मागच्याला नुसती धूळ दिसावी. कुमुद ही त्यांची धाकटी बहीण, गावात सायकल चालवणारी पहिली मुलगी. तिला शर्यतीला न्यायचं म्हटल्यावर आईने आकांत मांडला. शेवटी मास्तरांनी तुळशीला हात लावून शब्द दिला, "हिला नजरेआड करणार नाही." तेव्हा कुठे ती माउली गप्प झाली.

पलीकडच्या गावाशी दरवर्षी या खिंडीची शर्यत लागे. त्या वर्षी श्रावण सरत आला होता. निघण्याआधी मास्तरांनी पाना घेतला आणि सगळ्यांच्या सायकली सोलून काढल्या. मडगार्ड काढ, कॅरियर काढ, स्टँड काढ. घंट्याही काढल्या. कुमुदची घंटी चेपलेली होती, वाजली की आधी खर्र करायची आणि मग टिण्. ती काही काढू देईना.

"दादा, माझी राहू दे ना रे."

"घंटी वाजवून चढ चढणार आहेस का, वेडाबाई?" म्हणत त्यांनी ती काढलीच, आणि तिचं तोंड फुगलेलं बघून स्वतःच्या खिशात टाकली.

चढ लागला आणि मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. आईला दिलेला शब्द राहिला पायथ्याला! सगळ्यांना मागे टाकून ते या हिरड्यापाशी पोचले, मागे वळून बघतात तो खिंड नाहीच. सगळं धुकं. स्वतःचा हात दिसेना. तेव्हा इथे डांबर नव्हतं, वर आलं की नुसता कातळ. त्यात वाट कुठली आणि कडा कुठला, ते उन्हातसुद्धा जपून बघावं लागे. बाकीचे एकेक करून चाचपडत आले. कुमुद आली नाही.

मास्तर बेंबीच्या देठापासून ओरडले, "कुमेऽऽ, इकडे ये!"

"आले दादाऽऽ," लांबून ओ आली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आणि मग कड्याकडून, खालून दरीतून हाक आली, "कुमेऽऽ, इकडे ये!"

आवाज घुमला असेल, असं त्यांना वाटलं. ते गप्प राहिले. दरीतली हाक मात्र थांबली नाही. आवाज त्यांचाच, हेल तोच. "घाबरू नकोस कुमे, इकडे ये." हे तर मास्तर बोललेच नव्हते! जुनी माणसं म्हणतात, तो धूपखिंडीचा चकवा. एकदा ऐकलेला आवाज तो उचलतो म्हणे. आणि ती पोर बिचारी ओ देत होती, "आले रे दादा, आले," आणि दर खेपेला तिचा आवाज कड्याच्या जवळ जात होता.

ओरडावं तर तिला दोन दादा ऐकू येणार. न ओरडावं तर एकच, आणि तो दरीतला. धावावं तर कुठे? डोळ्यांपुढे तुळशीपाशी उभी असलेली आई आली. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, तर बोटांना गार पितळ लागलं.

त्यांनी ती वाजवली. खर्र, टिण्. खर्र, टिण्. दरीतला आवाज जरा थबकला, मग जास्तच लाडाने हाका मारू लागला. घंटी काही त्याला जमेना. मास्तर अंगठा सोलवटेपर्यंत वाजवत राहिले, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. कुमुदची ओ बंद झाली. पडली की काय? बघायला जाण्याचीही सोय नव्हती, कारण घंटी हलली असती तर ती आणखीच चुकली असती.

किती वेळाने कोण जाणे, धुक्यातून शेवाळाने माखलेला एक हात पुढे आला. त्याने घंटी चाचपली, चेपलेली कड बोटाने तपासली. मगच ती भावाच्या गळ्यात पडली. दादा म्हणाली नाही. धुकं विरल्यावर तिची सायकल दिसली, कड्याच्या टोकाला आडवी, पुढचं चाक दरीवर.

असं सांगतात, की त्यानंतर कुमुदने मास्तरांच्या हाकेला कधीच ओ दिली नाही. घरातसुद्धा नाही. भांडण नव्हतं हो, माया तेवढीच होती. पण जेवायला बोलवायचं तरी मास्तर दारात उभे राहून घंटी वाजवत. ते गेले तेव्हा तिने ती इथे आणून बांधली. ही खालच्या फांदीवरची, चेपलेली. बाकीच्या मंडळीतल्यांनी मागाहून आणून बांधल्या.

आजही मंडळीतला जो पहिला वर पोचतो, तो शेवटचा येईपर्यंत हीच घंटी वाजवत राहतो. आज पहिले तुम्ही आलात. धुकं बघा कसं चढतंय. आणि ऐकलंत? दरीकडून कुणीतरी तुमच्या मित्राला हाक मारतंय. आवाज तुमचाच आहे ना?

बोलू नका. वाजवा.