मामाच्या मळ्यातली बैलगाडी

हुरड्याचे दिवस आले की आमच्याकडच्या घोलप पाटलांचं शेत एकदम ‘मामाचा मळा’ होतं. गाड्या भरभरून लोकं येतात, हुरडा खातात, झोके घेतात. पाटील फेटा बांधून माइकवरून ओरडतात, “या भाच्यांनो! मला मामाच म्हणायचं, नाहीतर हुरडा मिळणार नाही.”

आम्हीपण गेलो. हुरडा झाला, पण आईचा सगळा जीव बैलगाडीत. लग्नाआधी तिच्या बापानं बैल विकले, त्यानंतर ती गाडीत बसलीच नव्हती. तिनं चाकावर पाय ठेवला, तेवढ्यात पाटील आडवे आले.

“ओ बाई, उतरा. गाडी फक्त भाच्यांसाठी आहे, लहान पोरांसाठी. बोर्ड वाचता येतो ना?”

आईचं तोंड एवढंसं झालं. मग मीच पुढं झालो.

“मामा, मी तुमचा कोण?”

“भाचा.”

“मग माझी आई तुमची कोण?”

पाटलांनी फेटा सावरला. “बहीण म्हणायची.”

“मग राहू द्या गाडी. पण माहेरी आलेली बहीण साडीचोळीशिवाय परत जात नसते. आई, मामाला रंग सांग.”

आई पदर सावरत म्हणाली, “मोरपंखी चालेल, दादा.”

मागं रांगेत पोरांना घेऊन वीसेक बायका उभ्या होत्या. त्यापण ‘दादा, दादा’ करत आपापले रंग सांगायला लागल्या.

पाटलांनी स्वतः हात देऊन आईला गाडीत बसवलं. संध्याकाळपर्यंत ते एकेका बहिणीला मळ्याभोवती फिरवत होते.

मामा व्हायची हौस त्यांचीच. आम्ही फक्त त्यांना मामा बनवलं.